श्रावणातली मासळी

श्रावण लागून चौथा दिवस होता. सकाळी पावणेदहाला बेल वाजली, नंदिनीबाईंनी दार उघडलं आणि जयप्रकाशरावांनी नेहमीसारखी कापडी पिशवी पुढे केली. पिशवीच्या बुडातून पाणी ठिबकत होतं.

"बोय आहेत. खाडीच्या. डोळे बघ कसे लखलखीत आहेत."

नंदिनीबाई पिशवीकडे बघत राहिल्या. बावन्न वर्षांच्या संसारात श्रावणात या घरात मासळी आली नव्हती, आणि तो हट्ट त्यांचा नव्हता, यांचाच होता. नंदिनीबाई नागावच्या. त्यांच्या माहेरी श्रावण पाळायचे तो सोमवारापुरता. पण जयप्रकाशराव आषाढी अवसेच्या दुसऱ्या दिवशी मासळीची कढई, तवा, विळी सगळं घासूनपुसून माळ्यावर टाकायचे, ते थेट गणपती पोचवून आल्यावर खाली काढायचे. केयूर सातवीत असताना श्रावणात मित्राकडे ऑम्लेट खाऊन आला, तर या माणसाने त्याला भर पावसात बाहेरच्या नळाखाली उभा करून डोक्यावरून आंघोळ घातली होती.

"अहो, आज वार कोणता?"

"सोमवार."

वार बरोबर होता. "आणि महिना?"

"महिना काय विचारतेस? आधी मासे धू, नाहीतर वास मारतील."

नंदिनीबाईंनी पटकन मागे पाहिलं. हॉलमध्ये शोकेसवर मुठीएवढा पांढरा कॅमेरा बसला होता. त्यांनी पिशवी हातात घेतली ती घरात आणलीच नाही. पाऊल बाहेर टाकून समोरच्या अख्तरुन्निसाची बेल दाबली. तिने दार उघडताच पिशवी तिच्या हातात कोंबली आणि कुजबुजल्या, "ठेव. मग सांगते."

"काय हाय, ताई?"

"बोय आहेत. श्रावण आहे ना आमचा."

अख्तरुन्निसा उरणकडची. श्रावण तिलाही ठाऊक होता आणि जयप्रकाशरावांचा श्रावण तर सगळ्या मजल्याला ठाऊक होता. तिने एकदा पिशवीकडे पाहिलं, एकदा नंदिनीबाईंकडे, आणि काही न विचारता दार लावून घेतलं.

हे सगळं त्या कॅमेऱ्यामुळे करावं लागत होतं, आणि गंमत म्हणजे तो कॅमेरा जयप्रकाशरावांसाठी नव्हताच. जूनमध्ये नंदिनीबाई मोरीत चक्कर येऊन पडल्या. डाव्या गुडघ्याला मार लागला, डोक्याला तीन टाके पडले. पुण्याहून केयूर धावत आला आणि जाताना हा डोळा बसवून गेला. "लक्ष ठेवायला नाही गं आई, मला तिकडे झोप लागावी म्हणून." बाबांची त्याला काळजी नव्हती. बाबा म्हणजे सत्त्याहत्तराव्या वर्षी रोज शिरवण्याच्या बाजारात चालत जाणारा खडखडीत माणूस. त्यांनी आईला सांभाळावं, एवढंच त्याचं म्हणणं.

नंदिनीबाईंना खरं माहीत होतं. शिमग्यापासून माहीत होतं. आधी किल्ल्या. मग शेजाऱ्यांची नावं. मग एके दुपारी जेवता जेवता यांनी विचारलं, "वसंता येणार होता ना आज?" वसंता म्हणजे यांचा धाकटा भाऊ. त्याला जाऊन अकरा वर्षं झाली होती. "नाही येणार," एवढंच बोलून नंदिनीबाईंनी ताटात आमटी वाढली होती.

पण सकाळचा बाजार यांनी सोडला नव्हता. नऊला निघायचं, पावणेदहाला परत. चाळीस वर्षं गोदीत कारकुनी केलेला माणूस, घड्याळ अंगात मुरलेलं. त्या पाऊण तासात ते पूर्वीचे असायचे. माशाचा कल्ला उचलून बघणारे, पुतळा कोळणीशी घासाघीस करणारे, "हा कालचा आहे, मला शिकवतेस होय?" म्हणणारे. परत आले की त्यांच्या चेहऱ्यावर थोडा वेळ ते तेज टिकायचं. केयूरला कळलं तर पहिल्यांदा काय बंद होईल, हे सांगायला ज्योतिषी नको होता. आधी हा पाऊण तास जाईल. मग नेरूळचं घर. मग पुण्याचा चौदावा मजला. तिथे मासळी डब्यात बंद होऊन, साफ होऊन येते आणि खाली उतरलं तरी सगळ्या इमारती सारख्या. यांना तिथे नेणं म्हणजे आत कोंडून बाहेरून कडी घालणं. म्हणून नंदिनीबाईंनी तोंडाला कुलूप घातलं होतं.

टीव्हीवर आणखी एक कॅमेरा थेट दिसायचा. तो नातीने, श्रुतीने, मे महिन्याच्या सुट्टीत लावून दिला होता. स्कॉटलंडमधलं एक तळं, काठावर सुरूसारखा उंच वृक्ष, त्याच्या शेंड्यावर काटक्यांचं परातीएवढं घरटं आणि त्यात ऑस्प्रे नावाचे पक्षी. मासे मारून खाणारे. मेच्या शेवटी अंड्यांतून दोन पिल्लं बाहेर आली, तेव्हा आजी-नात दोघींनी मिळून टाळ्या वाजवल्या होत्या. पुढे शोकेसवर कॅमेरा बसला तेव्हा श्रुती फोनवर खिदळली, "आजी, आता तू त्यांना बघ आणि बाबा तुला बघेल."

"आणि तुझ्या बाबाला कोण बघतंय?" नंदिनीबाईंनी विचारलं होतं.

"मम्मी!"

नंदिनीबाईंनी हा पक्षी पूर्वी पाहिला होता. एकोणनव्वद साली नेरूळला राहायला आले, तेव्हा गच्चीवरून थेट खाडीपर्यंत नजर जायची. मध्ये मिठागरं, पांढरे ढीग, आणि हिवाळ्यात एक मोठी घार पायांत मासा धरून यायची. मासा आडवा नाही, तोंड पुढे करून धरलेला, जणू तोच पुढे पोहत चालला आहे. नाव कोणाला माहीत नव्हतं. तेव्हा पाणी टँकरचं, रस्त्याला दिवे नाहीत, संध्याकाळी कोल्हे ओरडायचे. तरी नंदिनीबाईंना त्या दिवसांत कधी अशी हुरहुर लागली नव्हती. आता सगळं हाताशी होतं आणि जीव मात्र एका जागी ठरत नव्हता. सोफ्यावर बसल्या की उठावंसं वाटे, उठल्या की गॅलरीत जावंसं वाटे, गॅलरीत गेल्या की घरट्यात काय चाललंय याची चुटपुट लागे.

जयप्रकाशराव रोज नव्याने विचारायचे, "कोणाचं घर हे?"

"त्या पक्ष्यांचं."

"आणि तो आला तो कोण?"

"बाप. मासा घेऊन आलाय."

जयप्रकाशराव चष्मा सारखा करून पुढे वाकायचे. "डोकं खाल्लंन बघ लबाडाने! सगळ्यात चांगला भाग वाटेत स्वतः खाल्ला आणि घरी धड आणलं."

"तुम्ही निदान डोकं घरी आणता," नंदिनीबाई म्हणायच्या, आणि दोघंही हसायची. रोज तोच विनोद. त्यांच्यासाठी रोज नवा.

बोयींनंतर दुसऱ्या दिवशी कोळंबी आली, तिसऱ्या दिवशी निवट्या. रात्री नंदिनीबाई बजावायच्या, श्रावण आहे हं, उद्या भाजी आणा, शेवग्याच्या शेंगा आणा. "मला सांगतेस श्रावण?" म्हणून ते चिडायचे आणि सकाळी मासळीच घेऊन यायचे. नऊ चाळीसला नंदिनीबाई दाराशी जाऊन उभ्या राहू लागल्या, म्हणजे बेल वाजायच्या आत पिशवी समोरच्या दारात पोचती करता येई. घरात आल्यावर जयप्रकाशराव पिशवीचं विसरूनच जात. ताटात मुगाची उसळ बघून कधी कुरकुरले नाहीत. आणण्यात त्यांचा जीव होता, खाण्यात नव्हता.

अख्तरुन्निसा एकदा नवऱ्याबद्दल हसत म्हणाली, "ताई, कासिम विचारतो, आपल्याला लॉटरी लागली की काय? रोज ताजी मासली."

"खा गं. पुण्य लागेल मला."

"पुन्य ठीक हाय. पन भाऊंना दाक्तरला दाखवलं का तुमी?"

नंदिनीबाईंनी रिकामी पिशवी मागून घेतली आणि दार ओढलं.

आणि मग चिंबोऱ्यांचा दिवस आला. त्या दिवशी घरट्यात थोरलं पिल्लू कडेवर उभं राहून पंख फडफडवत होतं, आता उडतं की मग उडतं. नंदिनीबाई भान हरपून बघत बसल्या. बेल ऐकू आली तेव्हा धडपडत उठल्या, गुडघा धरला, लंगडत जाऊन दार उघडलं, तोवर जयप्रकाशराव आत शिरले आणि पिशवी जमिनीवर टेकवून चपला काढू लागले. पिशवी कलंडली. एक चांगली पंजाएवढी चिंबोरी बाहेर आली आणि नांग्या उगारून तिरकी धावत सोफ्याखाली गेली.

शोकेसवरचा डोळा घर्र करून वळला. "आई," त्यातून केयूरचा आवाज आला. "खाली काय पळालं गं?"

"झुरळ."

"एवढं मोठं?"

"पावसाळ्यात होतात मोठी. तू मीटिंगमध्ये नाहीस का? कामाच्या वेळी घरात काय डोकावतोस?"

"आणि तू रोज नऊ चाळीसला दारात का उभी असतेस? मला इथे अलर्ट येतो."

"पाय मोकळे करते. डॉक्टरांनीच सांगितलंय."

"बाबा, कसे आहात?"

जयप्रकाशराव आवाज कुठून आला ते शोधत छताकडे बघत म्हणाले, "मस्त! तू कधी आलास?"

मग केयूर हसला. बाबांनी थट्टा केली असं त्याला वाटलं. "संध्याकाळी फोन करतो," म्हणाला आणि गेला. चिंबोरी काढायला कासिमला चिमटा घेऊन यावं लागलं. तोही कॅमेऱ्याकडे पाठ करून, फरशीवर पालथा पडून. "भाभी, ये तो थानेदार निकली," म्हणत त्याने तिला बाहेर ओढली, तेव्हा नंदिनीबाईंना हसूही आलं आणि रडूही.

श्रावणाचा दुसरा आठवडा उजाडला. पिल्लं उडायला लागली. झाडाभोवती एक फेरी मारायची आणि घरट्यात येऊन ओरडत बसायचं, मासा द्या, मासा द्या. बुधवारी सकाळी नंदिनीबाईंनी टीव्ही लावला तर आई दिसेना. तिकडे तेव्हा नुकतं फटफटलेलं असतं, येईल म्हणाल्या. दुपारी नव्हती. संध्याकाळीही नव्हती. त्यांनी श्रुतीला फोन लावला.

"ती गेली, आजी. मायग्रेशन. मादी आधी जाते, नर मागे थांबतो. पिल्लं निघेपर्यंत तो मासे आणत राहतो."

"असं कसं आधी जाते? पोरं अजून ओरडतायत."

"तसंच असतं गं. आफ्रिकेत जाते ती. एकटी."

नंदिनीबाईंनी फोन ठेवला. पडद्यावर बाप मासा घेऊन आला, घरट्यावर ठेवला, इकडे तिकडे मान वळवली आणि निघून गेला. अर्ध्या तासाने दुसरा घेऊन आला. पिल्लांची पोटं भरलेली होती, एक पिल्लू तर माशाकडे पाठ करून बसलं होतं. तरी त्याचं आणणं चालूच.

मोरीत पडल्या तो दिवस त्यांना आठवला. ती चक्कर कशाने आली, हे कोणालाच धड सांगता आलं नव्हतं. आपण पुन्हा पडलो आणि उठलोच नाही तर? यांचं सगळं गुपित आपल्या एकटीच्या पोटात. आपण गेलो की हे नऊला निघतील, पिशवी घेऊन येतील, बेल वाजवतील. दार उघडायला कोणी नसेल, आणि का नाही हेही यांना कळणार नाही. आतापर्यंत त्यांना वाटत होतं, आपण यांना सांभाळतोय. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, आपण यांना उघड्यावर ठेवतोय. केयूरला सांगायला फोन उचलला, नंबर लावला आणि दोन रिंग वाजल्यावर बंद केला. पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. त्याचा उलटा फोन आला तेव्हा म्हणाल्या, "चुकून लागला रे."

शनिवारी पौर्णिमा होती. नारळीभातासाठी त्या सकाळपासून नारळ खवत बसल्या होत्या. जयप्रकाशराव नऊला निघाले. नऊ चाळीस झाले. पावणेदहा झाले. नंदिनीबाई दारात उभ्या. दहा वाजले. आत टीव्हीवर धाकटं पिल्लू एकसारखं ओरडत होतं. त्या दारातून गॅलरीत गेल्या, गॅलरीतून दारात आल्या. सव्वादहा. त्यांनी टीव्ही बंद केला, पण तो आवाज कानातून जाईना.

"आई, काय झालं?" शोकेसवरून केयूर बोलला. "इतकी येरझारा का घालतेयस? बाबा कुठायत?"

"आंघोळीला गेलेत."

"आत्ता?"

"हो. मी जरा खाली जाऊन येते, कडीपत्ता आणायचाय." आणि ओच्याला हात पुसत, चपला कशाबशा अडकवून त्या जिना उतरल्या. दार उघडंच राहिलं.

शिरवण्याचा बाजार दहा मिनिटांचा. लंगडत गेल्या म्हणून वीस मिनिटं लागली. मासळीच्या ओळीत सगळे ओटे धुऊन कोरडे पडले होते. एकही कोळीण नाही. नंदिनीबाई बघतच राहिल्या. नारळी पौर्णिमा! आज कोण मासळी विकायला बसणार? हे आपल्या लक्षात यायला हवं होतं. नारळ आपण घरी खवत होतो आणि यांना पिशवी देऊन इकडे पाठवलं.

कोपऱ्यावर भाविका नावाची भाजीवाली बसायची. नंदिनीबाईंनी विचारायच्या आतच ती म्हणाली, "काका ना? येऊन गेले. पुतळामावशीचा ओटा रिकामा बघून सारखे विचारत होते, कुठे गेली, कुठे गेली. मी बोलली, आज सण आहे, ती माहेरी सारसोळ्याला गेली."

"मग?"

"मग ते त्या बाजूला गेले." तिने स्टेशनच्या दिशेने हात केला. मग जरा थांबून म्हणाली, "काकू, मी थांबवायला पायजे होतं. रोज मावशी त्यांना पोचवते ना, माझ्या डोक्यातच नाय आलं."

"पोचवते? कुठे?"

"तुमच्या गल्लीच्या तोंडाशी. रोज. ओटा मला बघायला सांगते आणि त्यांच्या मागून जाते. आधी एकदा ते उलट्या बाजूला गेलेले, हायवेपर्यंत. तेव्हापासून."

नंदिनीबाई तशाच रस्त्यावर येऊन रिक्षांना हात करू लागल्या. राखीचा दिवस, रिक्षा मिळता मिळेना. मिळाली ती चौथी. सारसोळ्याचा रस्ता म्हणजे हायवे, स्टेशन, पलीकडे सगळे सेक्टर ओलांडून खाडीपर्यंत. एवढं अंतर हे चालत गेले असतील? वाटेत प्रत्येक पांढऱ्या शर्टाकडे त्या रिक्षातून वाकून बघत होत्या. पर्समध्ये फोन वाजत होता, थांबत होता, पुन्हा वाजत होता. उचलून काय सांगणार होत्या?

खाडीवर बँजो वाजत होता. होड्यांना पताका लावलेल्या, बायका हिरव्या-जांभळ्या लुगड्यांत, अंगावर घरातलं सगळं सोनं. आणि एका पालथ्या होडीला टेकून, डोक्यावर कोणाची तरी टोपी, हातात वाटी घेऊन जयप्रकाशराव बसले होते. शेजारी पुतळा त्यांच्यावर छत्री धरून उभी होती.

"वयनी, घाबरू नका. दादा माज्याजवल हाय," ती लांबूनच ओरडली. "बोलतान, पुतले, मासली दे. मी बोलले, दादा, आज दर्याला नारल द्याचा हाय, आज मासली कुठली? तवा गप बसलं. नारलीभात दिलाय, खातान."

जयप्रकाशरावांनी वर पाहिलं. "तू कशाला आलीस एवढ्या उन्हात? गुडघा दुखतो ना तुझा?" आणि मग पुतळाकडे बोट करून, जरा रागाने, "हिच्याकडे आज काही नाही. उद्या ये म्हणते. मी घरी काय घेऊन जाऊ?"

नंदिनीबाई वाळूतच खाली बसल्या. पुतळाने छत्री त्यांच्यावर धरली.

"पुतळे, तू रोज यांना पोचवतेस?"

"दोन म्हयने झालं. मना वाटला, तुमाला ठाव हाय."

"मला नव्हतं ठाऊक. आणि श्रावणात मासळी देतेस ती?"

पुतळा ओशाळली. "पयल्या दिशी नाय बोलले. तर दादा इतकं कावलं, रडाला आलं. मंग बोलले, जाऊ दे. देवाला काय कलत नाय?"

घरी आल्या तेव्हा दार उघडंच होतं आणि उंबऱ्यात अख्तरुन्निसा ठाण मांडून बसली होती. "केयूरचे माज्याकडे सात फोन आले, ताई. मी काय सांगू त्याला? बोलले, येतील." तिने जयप्रकाशरावांचा हात धरून त्यांना आत नेलं, पंख्याखाली बसवलं.

"आई!" शोकेसवरचा आवाज फुटला होता. "कुठे होतात तुम्ही? मी पोलिसांना फोन करणार होतो. आंघोळीला गेलेला माणूस बाहेरून कसा आला?"

नंदिनीबाई शोकेससमोर गेल्या. इतके दिवस त्या या डोळ्याला चुकवत होत्या, आज त्याच्या तोंडाशी उभ्या राहिल्या.

"केयूर, नीट ऐक. बाबा विसरतात. साधं विसरणं नाही. शिमग्यापासून चाललंय. आज सारसोळ्याला पोचले होते. श्रावणात रोज मासळी आणतात आणि मी ती अख्तरच्या घरी देते. ते झुरळ नव्हतं, चिंबोरी होती."

शोकेसवरचा डोळा वळून बाबांवर थांबला. मग, "शिमग्यापासून? आणि तू मला आत्ता सांगतेस?"

"तू पुण्याला नेशील म्हणून."

"मग काय करू, आई? आज काही झालं असतं तर?"

"तेच म्हणतेय. मला काही झालं तर यांचं कोणाला कळणार? म्हणून सांगितलं. पण न्यायच्या आधी एकदा येऊन बघ. तिथे बसून नाही. या डब्यातून तुला फक्त सोफा दिसतो."

संध्याकाळी सहाला केयूर दारात होता. त्याची बायको गीतांजली राखीला भावाकडे गेली होती, तो एकटाच आला होता. आला तो तापलेला. जेवताना त्याने डॉक्टरांचं, तपासण्यांचं, पुण्यातल्या खोलीचं सगळं बोलून घेतलं. नंदिनीबाई वाढत राहिल्या. जयप्रकाशराव दोघांकडे आळीपाळीने बघत म्हणाले, "कोणाला बरं नाहीये का?"

रविवारी सकाळी नऊला त्यांनी पिशवी घेतली. केयूर उठून दाराशी गेला. "बाबा, आज नको. मी आणतो काय हवं ते."

जयप्रकाशरावांचा चेहरा पडला. पिशवी हातात तशीच. नंदिनीबाईंनी केयूरच्या दंडाला धरून त्याला बाजूला केलं.

"जाऊ दे त्यांना. तू मागून जा. वीस पावलं मागे राहा. हाक मारू नकोस, रस्ता विचारू नकोस, चुकले तरी लगेच पुढे होऊ नकोस. त्यांचं त्यांना किती येतं ते बघ. मग काय ते ठरव."

केयूर बापाच्याच जुन्या चपला पायांत घालून जिना उतरला.

नंदिनीबाई गॅलरीत गेल्या. आधी जयप्रकाशराव दिसले, ताठ. मग त्यांच्या मागे केयूर, मान खाली, चोरासारखा. कोपऱ्यावर दोघंही दिसेनासे झाले. त्या आत आल्या, टीव्हीचा रिमोट उचलला, ठेवला. देवापुढची फुलं काढली, पुन्हा वाहिली. नऊ चाळीस. दारात उभ्या राहिल्या. समोर अख्तरुन्निसाही येऊन उभी राहिली. पावणेदहा. दहाला पाच कमी. एवढ्या वेळात काय काय झालं असेल? हायवेवर गेले असतील, केयूरने हात धरला असेल, हे ओरडले असतील, लोक जमले असतील. दहा.

जिन्यात पावलं वाजली. दोन माणसांची, पण बरोबरीने पडणारी. जयप्रकाशराव वर आले. एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताने त्यांनी केयूरचं मनगट घट्ट धरलं होतं. चव्वेचाळीस-पंचेचाळीस वर्षांचा, कानाशी पिकलेला केयूर लहान मुलासारखा त्यांच्या मागे चालत होता.

"हा बघ, वाटेत सापडला," जयप्रकाशराव म्हणाले. "नाक्यावर नुसता उभा होता. कुठे जायचं कळत नव्हतं बहुतेक. म्हटलं, चल घरी, आई वाट बघत असेल."

जयप्रकाशरावांनी त्याचं मनगट सोडलं, चपला काढल्या आणि हात धुवायला आत गेले. नळाचं पाणी वाजू लागलं.

"दोनदा चुकले," केयूर हलक्या आवाजात म्हणाला. "एकदा त्यांचे तेच वळले. एकदा त्या कोळणीने हाक मारली. मी मागून बघत होतो. मग कधी त्यांनी मला पाहिलं, कळलंच नाही. रस्ता ओलांडताना थांबवलं मला. म्हणाले, आधी उजवीकडे बघ."

नंदिनीबाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

थोड्या वेळाने त्याने खिशातून फोन काढला. पुण्यातली खोली दाखवतो की काय, म्हणून नंदिनीबाईंनी पुढे वाकून पाहिलं. तो ऑफिसला मेसेज लिहीत होता. "आठ दिवस इथूनच काम करतो," म्हणाला. "उद्या डॉक्टर. तू पण, तुझी चक्कर पण. पण डॉक्टर अकराला."

"अकराला का?"

"नऊला ते निघतात ना." तो भिंतीला टेकून खाली बसला आणि पायांतल्या सैल चपला काढल्या. "आठ दिवसांनंतर कोण जाणार मागून, आई? तुझा गुडघा हा असा."

"बघू," नंदिनीबाई म्हणाल्या. "आठ दिवस आहेत अजून."

त्या दारातच उभ्या राहिल्या. आतलं पाणी अजून वाहत होतं, आणि नळ बंद करायचं यांच्या लक्षात आहे की नाही, ते ऐकत होत्या.